माणिकनानांची राखाडी वीट

१९९९च्या उन्हाळ्यात अंबडच्या एका साखरपुड्यात माणिकनानांनी खांद्याच्या उंचीवरून वीट खाली सोडली. वीट शाबूत राहिली. फरशी फुटली.

"पुरावा समोर हाय," नाना म्हणाले आणि वीट उचलून पिशवीत ठेवली. मुलीचे वडील फरशीकडे बघत होते. नानांनी त्यांना विचारलं, वरचा मजला कधी काढताय.

माणिकनाना आमचे शेजारी. अंबडच्या कोर्टात ते पक्षकारांच्या नावांचा पुकारा करत. निवृत्तीनंतर सवय राहिली. दारात येऊन ते माझं नाव तीनदा पुकारत आणि तोवर आत पाऊल टाकत नसत. पिशवीत कायम दोन विटा, एक लाल, एक राखाडी. राखाडी वीट त्यांनी जालन्याच्या एका कारखान्यात पाहिली होती. परळीहून शहागडमार्गे ट्रकने राख येते. वीज करताना कोळसा जळून उरलेली ही राख एरवी ढिगानं पडून राहते आणि वाऱ्यानं गावभर उडते. तिच्यात चुना आणि जिप्सम मिसळून यंत्रात दाबतात, पाणी मारतात, उन्हात ठेवतात. भट्टी नाही, म्हणून लाकूड नाही, धूर नाही. "अन् माती न्हाई," असं नाना थोडं थांबून म्हणत.

आमच्याकडे त्यांनी दोन बादल्या मागितल्या. एकीत लाल वीट, दुसरीत राखाडी. दुसऱ्या दिवशी ताणकाटा घेऊन आले आणि लाल वीट किती जास्त पाणी प्यायली ते सगळ्यांना दाखवलं. तोवर घरात कोणाची अंघोळ झाली नव्हती. पुढे पुकारा ऐकला की आई आधी बादल्या लपवायची.

कारखान्याकडून दलाली मिळते, असं गल्लीत बोललं जाई. ती मिळत नव्हती. वीटही कोणी घेत नव्हतं. राख नदीत सोडायची असते, तिच्यात राहायचं नसतं, एवढं म्हणून लोक विषय संपवत. यावर नाना पुन्हा बादली मागत. कोर्टात त्यांनी फक्त पुकारा केला होता, युक्तिवाद वकील करत.

त्याच उन्हाळ्यात हसनाबादला त्यांचे थोरले भाऊ दत्तूदादा घर बांधायला निघाले. भट्टीवाल्याशी बोलणं झालं होतं. नाल्याकाठच्या वावराची वरची माती त्यानं न्यायची आणि बदल्यात विटा द्यायच्या. अक्षय्य तृतीया झाली की ट्रॅक्टर येणार होता. नाना दर शनिवारी तिकडे जातच. त्या शनिवारी मला सोबत घेऊन एसटीनं निघाले. मांडीवर पिशवी.

दादांनी ओट्यावरच अडवलं.

"तुझं सवताचं घर लाल इटाचं. अन् मला राखंत बसवून राह्यला?"

नानांनी बादली मागितली. ती मिळाली नाही.

बाजूला गयावहिनी भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जन्मभर राखंनं भांडे घासले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "त्याच ताटात जेवले तुमी. लेकराला नजर लागली तं कपाळाला काय लावता? भिंतीलाच तेवढा इटाळ व्हतो का?"

दादांनी चहा संपवला. मग उठले, राखाडी वीट उचलली आणि स्वतःच्याच ओट्यावर टाकली. ओट्याची कड गेली.

"बराबर हाय," दादा म्हणाले. "वटा तसाबी पाडायचाच व्हता."

"पुरावा समोर हाय, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्यानं नाना हसले.

ट्रॅक्टरला नको म्हणून निरोप गेला.

परत निघताना एसटीला वेळ होता. नाना मला वावराकडे घेऊन गेले. दादांच्या हिश्श्यात काळी माती, नांगरून ठेवलेली. बांधापलीकडे नानांचा तुकडा. तो गुडघाभर खोल गेलेला, खाली पांढुरका मुरूम आणि कुसळं. अंबडचं घर बांधताना त्यांनी इथली माती भट्टीला दिली होती. इथं त्यांची आई मूग पेरायची.

"हे माझं घर," खड्ड्याकडे हात करून नाना म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतल्या विटा बाहेर काढल्या. तळाशी कुजवलेला पालापाचोळा होता. तो त्यांनी खड्ड्याच्या एका कोपऱ्यात पसरला आणि पिशवी झटकली. दर शनिवारी ते हसनाबादला कशासाठी येतात, हे तेव्हा कळलं. दादाही त्या कोपऱ्यात तलावाचा गाळ टाकू लागले, पण ते पुढे, घर झाल्यावर. राखाडी विटांच्या त्या घराला गिलावा केलेला नाही. वहिनींनी करू दिला नाही. लोकांना वीट दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

२००२ साली पोळ्याच्या आधी नाना आमच्या दारात आले. तीनदा पुकारा केला. आईनं बादल्या लपवल्या. पिशवीत वीट नव्हती. त्या कोपऱ्यातल्या मुगाच्या शेंगा होत्या, ओंजळभर.