हिप्परग्यास मोटार आणिली त्या स्वारीची हकीकत

श्रीबसवेश्वर व ग्रामदैवते यांचे चरणी मस्तक ठेवून, पाहिले ते, ऐकिले ते आणि पदरचे थोडके मिळवून ही हकीकत लिहिली असे.

सन फसली तेराशे बासष्ट. निजामशाही बुडाली, लोकांचे राज्य जाहले, मतांच्या पेट्या भरल्या आणि रित्या जाहल्या. मग हैदराबादेच्या थोर मुत्सद्दी मंडळींनी खलबत करून ऐसी तजवीज काढिली की, मुलखात जो घर बांधील त्याने आधी परवाना घ्यावा, आणि परवाने जेथे दाट तेथे वस्ती वाढणार ऐसे समजावे, आणि वस्ती वाढण्याआधीच तेथे उतारूंची मोटार पोहोचती करावी. मसलत थोर होती. उणे इतकेच की, ती रयतेस कोणी सांगितली नाही.

आळंद तालुक्याची ही निगराणी राजमान्य रेवणप्पा यांजकडे आली. हे बिदरानजीक मैलूरचे, अंगाने किरकोळ, वाहन सायकल, ढाल छत्री, शस्त्र लेखणीचा टाक. मनुष्य इमानी, खोट्या कागदावर शिक्का उठविला ऐसे जन्मात घडले नाही. त्यांस बडे साहेबांचा हुकूम सादर जाहला की, तालुक्यात एक मोटार शिल्लक आहे, ज्या गावची वाढ मोठी त्या गावास द्यावी. रेवणप्पांनी दफ्तर पाहिले तो मादन हिप्परग्याचे परवाने शून्य. ओढ्यापलीकडच्या गावाचे मात्र ढीगभर. परंतु हिप्परग्यात नव्या भिंती उठलेल्या त्यांनी जाता-येता स्वतः पाहिल्या होत्या. मग स्वारी सायकलीवर निघाली.

गावात शिरून पुसावे तो जो तो सांगे, हा गोठा. गोठ्यास परवाना माफ होता. ओटा, खिडकी, दारास रंग, तरी गोठाच. यात रयतेचा दोष नव्हता. रझाकारांचे दिवस ताजे होते, आणि ज्याचे घर नजरेत भरले त्याचे घर आधी लुटले गेले, हे सर्वांच्या ध्यानी होते. तेव्हापासून सरकार कोणाचेही असो, त्यास घर दाखवू नये ऐसी गावाने गाठ मारिली होती.

स्वारी फिरत फिरत पार्वतम्माच्या दारी आली. ही बाई भुसार व्यापाऱ्याची विधवा, दुकान स्वतः चालवी, जिभेस धार. तिने परसात नवी खोली बांधिली होती.

"गोठा हाय," पार्वतम्मा म्हणाली.

रेवणप्पांनी आत डोकावले. जमीन सारवलेली, आढ्यास लोखंडी कडी.

"गोठ्यात पाळण्याची कडी कामून बसवलीस, अक्का?"

"वासराला झोका दिल्याबिगर झोप येत न्हाई."

तेव्हा कोपऱ्यात गहू निवडीत बसलेली तिची लेक निलम्मा, दिवस भरत आलेली, हळूच म्हणाली, "अव्वा, कामून खोटं बोलायलीस? मी काय गाय हाव का?"

मग पार्वतम्मा उंबऱ्यावर बसली. "मागच्या खेपेला हिला आळंदला नेताना गाडी ओढ्यात रुतली, साहेब. लेकरू वाटंतच गेलं. म्हणून औंदा हितंच खोली बांधली. दवाखाना काय आपल्याला गावत न्हाई."

रेवणप्पाही छत्री मिटून उंबऱ्याशी बसले. "मोटार घरं बघून येती, अक्का," ते म्हणाले. "गोठं बघून येत न्हाई."

"हे आधी कामून सांगितलं न्हाई कुणी?"

रेवणप्पांनी दफ्तर उघडून टाक काढिला.

"मग लिव्हा," ती म्हणाली. "घर हाय."

दुसरे दिवशी सकाळी चावडीत सभा भरली. पार्वतम्माने गावास हुकूम फर्माविला की, ज्याचे घर असेल त्याने घर म्हणावे. म्हशीवाला बंडेप्पा आडवा आला. "आज घर लिव्हून घेत्यात, उद्या घरच घेऊन जात्यात."

"तुझं घर नेऊन ते करतील काय, बंडेप्पा? पाऊस आला की तूच भाईर बसायलास."

लोक हसले आणि तट फुटला. अर्जांची ऐसी रीघ लागली की खरी घरे संपली तरी अर्ज संपेनात. काल जे घरास गोठा म्हणत ते आज गोठ्यास घर म्हणू लागले, आणि बंडेप्पाने तर म्हशीसकट परवाना मागितला. रेवणप्पांनी टाक हाती धरिला, खाली ठेविला, पुन्हा धरिला. एका डोळ्यापुढे ओढ्यात रुतलेली गाडी दिसे, दुसऱ्यापुढे आपले इमान दिसे. अखेरीस त्यांनी प्रत्येक अर्जावर "वस्तीस योग्य" ऐसा शेरा लिहून शिक्का उठविला. गुरेही वस्तीच करितात, हे मनास समजावले. मन पुरते समजले नाही.

हिप्परग्याची वाढ पाहून बडे साहेब चकित जाहले आणि खासा पाहणीस आले. गुरे रानात पिटाळिली, शेणावर रांगोळ्या घातल्या, दारोदारी पडदे सोडिले. परंतु बंडेप्पाची म्हैस व्यायला टेकली असता रानात जाईना. साहेब दाराशी येताच पडद्यामागून ऐसा हंबरडा उठला की साहेब दोन पावले मागे सरले.

"अंदर कौन है?"

"आत्या हाय, साहेब," बंडेप्पा उद्गारला. "तब्येत बरी न्हाई."

रेवणप्पांनी डोळे मिटिले. नोकरी गेली ऐसे मानिले. परंतु साहेबांचे मुखावर कळवळा दाटला. इतकी आजारी माणसे आणि गावास मोटार नाही, हा कसला कारभार, ऐसे म्हणून त्यांनी जागीच हुकूम दिला की, मोटार येत्या सोमवारपासून हिप्परग्यास यावी, आणि आत्याबाईंस पहिल्याच फेरीने दवाखान्यात न्यावे.

सोमवारी मोटार आली. दर्शनी बाकावर निलम्मा, शेजारी पार्वतम्मा. ओढ्यात चाक रुतले, वाहक व उतारू यांनी खांदा दिला, त्यात रेवणप्पाही होते, आणि मोटार पार जाहली. आळंदच्या दवाखान्यात निलम्मास कन्या जाहली; माय-लेक सुखरूप. रेवणप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. पार्वतम्माने पोर आणून त्यांचे मांडीवर ठेविली. ते तिजकडे पाहत राहिले, आणि शिक्क्याची टोचणी मनातून त्या दिवशी गेली.

येणेप्रमाणे हिप्परग्याची मोहीम फत्ते जाहली. मोटार कायम, रयत खुशाल, परवाने दाखल. बडे साहेबांनी पत्र धाडून आत्याबाईंचे वर्तमान पुसिले. रेवणप्पांनी विचार करून उत्तर लिहिले की, प्रकृतीस पूर्ण आराम असून त्या नित्य दूध घेतात. किती देतात ते लिहिले नाही.