नानांचा चोंदलेला पाइप

अन्याय झाला तो यशवंतनानांवर. गेल्या मंगळवारी, दुपारी साडेबारा वाजता, जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली. करणारे सगळे शेजारी, आणि तोही चहा पीत, हसत-हसत. मी तेव्हा सभेसाठी चोपड्याला होते, नाहीतर आडवी पडले असते.

नाना तुमच्या घरी आले तर लगेच ओळखाल. तब्येत विचारणार नाहीत, पोरांचे मार्क विचारणार नाहीत. थेट मोरीत जाऊन पाणी तापवायच्या पातेल्यात डोकं घालतील आणि तळाला बसलेला पांढरा थर बघून म्हणतील, "वा! कितला सुंदर शे!" शर्टाच्या खिशात बोथट सुरी, भिंग आणि कागदाच्या पुड्या. जामनेरच्या एका लग्नात तिकडे मंगलाष्टकं चालू, आणि नाना मांडवामागे आचाऱ्याचं पातेलं खरवडतायत. आचाऱ्याला वाटलं, भांडी घासायला माणूस आला. त्यानं आणखी दोन पुढे सरकवली. नानांनी तीही खरवडली.

धुळ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून नाना निवृत्त झाले. आता घरी कॉम्प्युटरवर पाणी बनवतात. पिण्याचं नाही, आकड्यांचं. त्यात चुना विरघळवायचा, मग त्याचे स्फटिक कसे वाढतात आणि वाढताना पाण्यातलं काय-काय पोटात घेतात ते बघायचं. जळगावच्या मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरकडे तोंड करून. नाना घामाघूम, कॉम्प्युटर गार. गणित चार-चार दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी वीज जाते. नाना कुणाला शिवी देत नाहीत, पहिल्यापासून सुरू करतात. मी असते तर मोर्चा काढला असता.

"नाना, मला समजेल असं सांगा," मी एकदा म्हटलं.

"एस.टी. भरताना पाह्यलीस ना? सीटा कॅल्शियमच्या. स्ट्रॉन्शियम येतं, बसायला बघतं. गाडी सावकाश भरली तर कंडक्टर उतरवतो. घाईत भरली तर जातं बसून."

"आणि शिसं?"

"ते खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं!"

"म्हणजे आपल्या पाण्यात शिसं आहे?" माझा मथळा तयारच होता.

"हा अंदाज शे पोरी, आरोप नही."

हे वाक्य दिवसातून दहादा. मी चळवळीतली, आरोपांवर वाढलेली मुलगी. अंदाजाचं पत्रक कोण वाचणार?

आता पाइप. बोअरचं पाणी टाकीत चढवणारा आमचा लोखंडी पाइप आतून थर साचून पार चोंदला होता. टाकी भरायची नाही आणि नळाला करंगळीएवढी धार. लोक वैतागले. नाना मात्र त्या पाइपावर हात फिरवून यायचे. थरावर थर, वर्षावर वर्ष. कॉम्प्युटरचं गणित त्याच्याशी ताडून बघायचं, जुळलं की उलटं मोजत जायचं, म्हणजे मागच्या वर्षांत पाण्यात काय होतं ते कळेल. "बठ्ठं त्यामा लिखेल शे," म्हणायचे, म्हणजे सगळं त्यातच लिहिलेलं आहे. त्यांनी पाइपला पाटीसुद्धा बांधली होती : 'खुशाल बदला, पण फेकू नका. मला द्या.'

मंगळवारी पाइप निघाला. नाना नेमके थर तपासून घ्यायची सोय बघायला विद्यापीठात गेलेले. कमिटीच्या सुरेशआबांनी विचार केला, म्हाताऱ्या माणसाला एवढा लांब पाइप उचलवेल कसा? म्हणून कापला. आणि घाण कशाला द्यायची, म्हणून नानांचा तुकडा हातोडीनं ठोकला, ॲसिडनं धुतला, वर पुसला. बाकीचे तुकडे ज्याला हवे त्यानं नेले.

"नाना, बघा! चकाचक करून ठेवलाय!"

परत आलेल्या नानांनी पाइपाला डोळा लावून आरपार बघितलं. "उपकार झाले, आबा," म्हणाले आणि खांद्यावर टाकून घरी गेले.

बुधवारी सकाळी मी पत्रक घेऊनच पोचले. मथळा : 'पिंप्राळ्याच्या पाण्यात विष, पुरावा नष्ट!' नाना कॉम्प्युटरपुढे बसले होते. पडद्यावर वर्षांची रांग होती, आणि ती नऊ वर्षांपूर्वीच संपत होती.

"पुढची वर्षं कुठायत?"

"त्यांचं काय करू? पुढे अक्का नव्हती."

अक्का म्हणजे नानांची बायको, नऊ वर्षांपूर्वी वारल्या. मग आपणच सांगू लागले. "अक्का म्हणायची, या पाण्यात डाळ शिजत नाही, फिल्टर घ्या. मी प्राध्यापक ना! म्हणायचो, पाणी चांगलं आहे, तू डाळ आधी भिजत घाल. ती भिजत घालायची, तेच पाणी प्यायची. शेवटी किडनीचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, कशानंही होतं." मग म्हणाले, "कुणावर केस नही करनी मले. मी तिले खोटं त नही सांगं ना, इतलंच पाहनं शे."

पत्रकाची मी घडी घातली. त्याऐवजी हे लिहितेय.

बाकीचे तुकडे कुठे गेले ते मी शोधतेय. एक कारल्याच्या मांडवाला सापडला, पण तो मालकिणीनं आधीच ठोकून साफ केलेला. एक म्हणे चोपड्याकडे केळीच्या बागेत टेकू म्हणून गेलाय. बाकीच्यांचा पत्ता नाही. तेव्हा वाचणाऱ्या भावांनो, अक्कांनो, उठा आणि आपलं परसदार, गच्ची, शेत बघा. आतून पांढऱ्या थरानं चोंदलेला, करवतीनं कापलेला लोखंडी पाइप असेल, तर ठोकू नका, धुऊ नका, ॲसिडचा थेंब लावू नका. आहे तसा, घाणीसकट, पिंप्राळ्याला नानांच्या दारात आणून ठेवा. आजच.