पहिल्या खाटेच्या मानाची हकीकत

श्री. वेशीवरला मारुती साक्ष, ऐकणारांनी चित्त जाग्यावर ठेवावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण मास, ते समयी एका राज्यात जांभूळखेडे म्हणोन गाव, आणि त्या मुलुखाचे आमदार राजश्री सटवाजीराव. यांची कीर्ती काय सांगावी! राज्याच्या थोरल्या सभेत खुर्ची असोन ते खुर्चीत क्वचितच सापडत. बारशास हजर, तेराव्यास हजर, कोणाची म्हैस विहिरीत पडली तर दोर घेऊन खासा हजर, आणि पानात आणखी एक पुरणपोळी पडली तर नको म्हणणे त्यांस ठाऊक नव्हते.

ऐसियासी त्या मुलुखावर परचक्र आले ते गोळीचे. अंगदुखीची म्हणोन पेठेतील दुकानी गुपचूप मिळे, आत अंमल अफूच्या जातीचा. खाणीत कंबर मोडलेला एक घेई, मग दोन घेई, मग गोळीवाचोन अंथरुणातून उठवेना, आणि घरोघर धट्टीकट्टी माणसे भिंतीस टेकोन पेंगू लागली. त्यांत आमदारांचे सख्खे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, वरल्या आळीचे येसाजी पाटील. गाडीवरोन पडोन पाठ दुखावली हे निमित्त. गतसाली नागपंचमीस दुपारी निजले ते हाकेस ओ देईनात, ओठ काळेनिळे, श्वास तुटत चालला. गोजराआक्काने थोबाडीत देऊन देऊन माघारी आणिले. ते ऐकोन आमदार रातोरात निघाले. मग राजधानीत जाऊन मंत्र्याची पाठ सोडिली नाही, आणि व्यसन सोडविण्याचा दवाखाना गावास मंजूर करून आणिला.

पण हौस दांडगी! दवाखाना बसविला तो ऐन वेशीत. कमान उभारिली, लेझीम लाविले, कर्णा लाविला, आपली हात जोडिलेली तसबीर टांगिली, आणि दाराचे माथां कोसावरोन वाचता यावे ऐसा फलक, की गोळीचे व्यसनी यांनी येथे यावे. सारा गाव पेढे खाऊन बहुत संतोष पावला आणि घरी गेला. पुढे आत कोणी फिरकेना. शहरातून आलेल्या डाक्तरीणबाई खाटांवरच्या चादरी रोज झटकीत आणि रोज घडी करीत. मग आमदार तोंड पाडून बहिणीच्या ओसरीवर जाऊन बसले, तो आक्काने चहाबरोबर हजेरी घेतली.

"सटवा, वेशीत बोर्ड लावून कोण आत शिरंल? ह्यांना मरण चालंल, लोकांनी बघितलेलं चालायचं न्हाई," म्हणाली. "आणि पुन्यांदा श्वास अडकला तर माझ्यानं न्हाई व्हायचं."

आमदारांच्या डोळां पाणी आले. मला भ्या वाटतंय आक्का, इतकेच बोलिले आणि उठिले.

आता ऐका मौज. त्या गावी वरली आळी आणि खालची आळी यांचे पिढीजाद वैर, ते पोळ्याच्या मानाचे. तोरणाखालून पहिला बैल कोणाचा, यावरोन कज्जा कोर्टात सडत पडिलेला. खालचे आळीचे धनी बहिर्जी पाटील. गोळीचे गिऱ्हाईक तेही, हे गावास ठाऊक, पण बोलावे कोणी? पोळा तोंडावर आला, चावडीत सभा भरली, निवाड्यास आमदारांस बोलाविले. दोन्ही पाटील दोन खांबांस टेकोन डुलत होते. आमदार उभे राहिले, आणि काय मनी आले कोण जाणे, म्हणाले की बैलाचा मान कोर्ट पाहील, पण दवाखान्यातील पहिल्या खाटेचा मान आम्ही आजच खालचे आळीच्या बहिर्जी पाटलांस देतो.

येसाजी खाडकन जागे जाहले. "आमच्या हयातीत?" म्हणाले.

अहाहा, काय तो कल्लोळ! पहिल्या खाटेचा म्हणजे कशाचा मान, हे पुसण्याची शुद्ध एकासही राहिली नाही. वरली आळी म्हणे आमचे धनी अगोदरचे व्यसनी, खालची म्हणे आमचे धनी दुप्पट घेतात, आणि जे वर्षभर झाकिले ते दोन्हीकडोन भर चावडीत छाती ठोकून सांगितले गेले! तंव दोघे पाटील फेटे सावरीत वेशीकडे पळत सुटले, मागे गाव, मागे आमदारांची जीप, आणि दवाखान्याचे दारात दोघे एकदमच शिरोन खांद्यास खांदा अडकोन बसले. डाक्तरीणबाईंनी दोघांस ओढोन घेतले आणि खाटा जोडोन टाकिल्या.

पुढे मात्र हसण्याचे काम राहिले नाही. गोळी तुटोन अंगात ओढ उठल्याखेरीज औषध देता येत नाही, बाई म्हणाल्या. मग ओढ उठली. नाक वाहे, पोटात पीळ पडे, हाडे कोणी कुटतो ऐसे होई. आमदारांनी सारे दौरे रद्द केले आणि दाजींचे पाय चेपीत बसले. येसाजींनी न साहून एक पाय खाटेखाली टाकिला, की घरी जातो. तो शेजारून बहिर्जी कण्हत बोलिले, की उठा पाटील, तुमच्या मागाहून मी उठतो. आधी पळाल्याचा डाग नको म्हणोन येसाजींनी पाय वर घेतला. पुढे बहिर्जींनी पाय टाकिला, तेव्हा येसाजींनी तेच ऐकविले. ऐसे एकमेकांचे वैरावर दोघे तगले, आणि बाईंनी जिभेखाली ठेविलेले औषध लागू पडोन अंग निवाले, भूक लागली, भाकरी मागितली. दोन्ही आळ्यांतील माणसे आता एकेक करून येऊ लागली, आणि आमच्यातले किती अन् तुमच्यातले किती यावरोन दारात भांडू लागली.

निरोपाचा दिवस आला. औषध पुढेही बहुत काळ घेणे, बाईंनी दोघांस बजाविले. बाहेर दोन्ही आळ्या हलग्या घेऊन खड्या, की आता पहिला पाय बाहेर टाकण्याचा मान कोणाचा! गोजराआक्का पदर आवळोन उभी. दोघे पाटील उंबऱ्याशी आले आणि थांबले. हलगी थांबली.

येसाजी बाजूस सरले. "बहिर्जीराव, पुढं व्हा तुमी," म्हणाले. "मला घाई न्हाई. मला अजून लई जगायचं हाय."

आक्का मटकन खाली बसली आणि हमसोन रडली. आमदारांचेही तेच जाहले.

येणेप्रमाणे जांभूळखेड्याचे वर्तमान. पोळ्याचा कज्जा अद्याप चालू आहे. येसाजी पाटील हयात आहेत. इति.