कोठावळ्यांच्या लेकीचा किल्ला पाडिला त्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, वाग्देवतेस वंदन, आणि ज्या लेकरांचें खरें बोलणें कोणीं ऐकून घेतलें नाहीं त्यांस त्याहून अधिक वंदन करून, शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरीं, आश्विन वद्य पक्षीं एका राज्यांत जें वर्तलें तें लिहिलें जातें. राज्याचें नांव लिहीत नाहीं. लिहिल्यास शेजारचीं राज्यें आपण सुटलों ऐसें मानितील.

ह्या राज्यीं पूर्वापार एक रीत होती. लेकरानें कांहीं हातानें करून आणिलें, अक्षर असो, टोपली असो कीं मातीचा बैल असो, तर पाठशाळेंत पंतोजींनीं आणि घरीं वडिलांनीं एकच प्रश्न पुसावा, "केलें कोणीं?" आणि लेकरानें खरें सांगितलें म्हणजे काम वेडेंवांकडें असलें तरी पाठीवरून हात फिरवावा, आणि खोटें सांगितलें म्हणजे काम सुबक असलें तरी परत करावें. घर आणि पाठशाळा ह्यांमधील तह तो एवढाच. परंतु त्यावर तीन पिढ्या लेकरें सरळ निपजलीं. मग काळ पालटला आणि घर म्हणूं लागलें, पाठशाळा पुसतेच आहे, आणि पाठशाळा म्हणूं लागली, घरीं पुसत असतीलच, आणि तो प्रश्न दिवाळींत मुलांचे मातीचे किल्ले पाहावयाच्या दिवशीं, केवळ रीत म्हणून उरला. त्या दिवशीं पाठशाळेचे मुख्य नारोपंत घरोघर फिरत, आणि ज्याचा किल्ला उत्तम ठरे त्याच्या हातून पाठशाळेवर निशाण चढवीत.

त्या समयीं राज्याच्या धान्यकोठारावर हैबतराव कोठावळे अधिकारी होते. त्यांची नऊ वर्षांची कन्या बनूबाई हिणें वद्य नवमीपासून अंगणांत मोहीम मांडिली. ओढ्याची माती स्वतां वाहून आणिली आणि विटांचे तुकडे रचिले आणि त्यांवर ओलें गोणपाट घालून माती लिंपिली आणि उतारावर अळीव पेरिले. पश्चिमेचा बुरूज कलला तो तीन वेळां उभा केला आणि तीनही वेळां कलला; मग बाईंनीं त्यास काडीचा टेंका दिला आणि मातोश्री सगुणाबाईंस सांगितलें, "आई, हा म्हातारा बुरूज आहे. काठी टेकून पहारा करतो." सगुणाबाई डोळ्यांत पाणी येईतों हंसल्या.

धनत्रयोदशीस शेजारचे एक सरदार हैबतरावांचे भेटीस आले, आणि किल्ला पाहून बोलिले, "कोठावळे, कोठार एवढें थोर, आणि दारांत हें वारूळ कसलें?" तें वाक्य हैबतरावांचे काळजीं रुतलें. दुसरे दिवशीं बनूबाई आत्याकडे फराळाचें ताट घेऊन गेली, तों त्यांनीं दोन कुंभार बोलाविले. सगुणाबाई आडव्या आल्या. "अहो, पोरीनें सहा दिवस हात चिखलांत घातलेत. असूं द्या कीं कललेला."

"पाडव्यास नारोपंत येणार, सारी पेठ येणार. माझ्या लेकीचें हंसें करून घेऊं?"

"हंसतील ते तुम्हांला. तिला कोण हंसतंय!"

हैबतरावांनीं कुंभारांकडे वळून हुकूम केला. अळिवास नुकते कोंब आले होते, ते मातीसुद्धां उपटले गेले, आणि सायंकाळपर्यंत सात बुरुजांचा, महादरवाजाचा, रंगविलेला किल्ला उभा राहिला. बनूबाई परतली आणि उभीच राहिली आणि एवढेंच म्हणाली, "माझा म्हातारा कुठाय?" हैबतराव म्हणाले, "हा बघ केवढा! पंतोजींनीं विचारलं तर मी केला म्हणावं." "पण आबा, मी नाहीं केला." "तुझ्यासाठीं केला, म्हणजे तूंच केलास."

पाडव्यास नारोपंत आले. तटावर प्रौढ बोटांचे ठसे स्पष्ट होते, आणि ते त्यांनीं पाहिले. मग रीतीप्रमाणें पुसिलें, "बनूबाई, केलें कोणीं?" मुलीनें बापाकडे पाहिलें, मग पंतोजींकडे पाहिलें, आणि म्हणाली, "कुंभारांनीं केला. माझा होता तो आबांनीं मोडला." पाठशाळेच्या मुलांचें दुपारचें अन्न कोठावळ्यांच्या हुकुमानें येत असे, तें नारोपंतांस आठवलें, आणि ते मोठ्यानें हंसून म्हणाले, "पाहा विनय! एवढा किल्ला रचून श्रेय दुसऱ्यास देते." "पंतोजी, खरंच मी—" "पुरे. वडिलांचा मान राखावा." आणि तिच्या हातीं निशाण दिलें, आणि लोकांनीं टाळ्या दिल्या, आणि बनूबाई निशाण धरून रडली तें लोकांस आनंदाश्रू वाटले.

कोणी म्हणतील, नारोपंतांनीं शंभर ताटांचा विचार केला, त्यांत दोष कोणता? यास उत्तर हें कीं हैबतराव मानी खरे, परंतु लेकरांचा घांस अडविणारे नव्हते. पंतोजींनीं भय धरिलें, परीक्षा केली नाहीं. कोणी म्हणतील, बापाची ती माया. यास उत्तर, माया होती यांत संशय नाहीं; परंतु माया लेकीवर होती आणि लक्ष पेठेवर होतें, आणि लेकरूं लक्ष कोठें आहे तेवढेंच पाहतें.

पुढील सालीं, शोभकृत संवत्सरीं, बनूबाईनें मातीस हात लाविला नाहीं. कुंभार आले, तिणें त्यांस पाणी दिलें. पाडव्यास पंतोजींनीं पुसिलें, आणि ती हात जोडून, गोड हंसून बोलली, "मीच केला, पंतोजी. बुरूजसुद्धां." पापणी लवली नाहीं. लोक म्हणाले, काय वळण लाविलें आहे! सगुणाबाई उठून आंत गेल्या.

मग माघमासीं बनूबाईस ज्वर आला आणि हटेना. वैद्य पुसती, दुखतें कोठें. ती म्हणे, कोठें नाहीं. हैबतराव उशाशीं बसून म्हणाले, "बने, आबाला तरी सांग." ती म्हणाली, "बरी आहे, आबा," आणि पाडव्यास हंसली होती तैसीच हंसली. तें हंसणें हैबतरावांनीं ओळखिलें. ते अनवाणी पाठशाळेंत गेले आणि म्हणाले, "पंतोजी, पोर मला खरं सांगत नाहीं. तुम्हीं विचारा. तुमच्यापाशीं बोलेल."

नारोपंत म्हणाले, "कोठावळे, मीच तुमच्याकडे निघालों होतों. वर्षभर ती माझ्यापाशीं खरं बोललेली नाहीं. वाटलं, घरीं बोलत असेल."

मग दोघे ओट्यावर बसले, आणि एकानें दुसऱ्यास दोष लाविला नाहीं. ज्वर बाराव्या दिवशीं आपोआप उतरला. दुखणें काय होतें तें कोणास कळलें नाहीं, आणि पुढेंही कळलें नाहीं.

सारांश, ह्या राज्यांत घर आणि पाठशाळा हीं पुष्कळ वर्षांनीं एकदां एकदिलानें वागलीं, आणि तीं एका लेकराचें खरें बुडवावयास. इति वर्तमान पुरें.