मत्स्यसुरक्षा आणि सतरा मेणबत्त्या

घराची इभ्रत आधी नाकाला कळते. डोळ्यांचं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणूनच सुधारलेल्या समाजात एकमेकांकडे जाताना सुगंधी मेणबत्ती न्यायची पद्धत पडली आहे. ('तुमच्या घराला वास येतो' हे याहून सभ्यपणे सांगता येत नाही.)

आमच्याकडे अशा सतरा मेणबत्त्या आणि तेल तापवून दरवळ सोडणारी तीन भांडी जमली आहेत. एकही आम्ही विकत आणलेलं नाही. ज्याने जे दिलं, तो आला की तेच पेटवायचं, हा वहिनीचा नियम. पाहुणे रोज येतात.

त्याच खोलीत दादाची माशांची टाकी आहे. मासे सहा होते. महिन्याभरात दोन गेले.

दादाने माशांच्या दुकानदाराला बोलावलं. त्याने टाकीकडे पाहण्याआधी दारातच नाक वर केलं.

"हा पंप हवा कुठून घेतो?"

"खोलीतूनच की," दादा म्हणाला.

"मग तुम्ही जाळता ते सगळं पाण्यात जातंय. वर तवंग बघा केवढा. मेणबत्त्या बंद करा, विषय संपला."

"बंद कशा करू, भाऊ?" वहिनी म्हणाली. "उद्या मोठ्या आत्या येतायत. त्यांची गुलाबाची आहे."

उपाय फारच सोपा असल्याने तो फेटाळण्यात आला व पुढील नियमावली मंजूर झाली (सचिव मी, मी रिकामाच असतो, असं घरचं मत आहे):

१. मेणबत्ती टाकीपासून किमान बारा फुटांवर पेटवावी. (खोली दहा फुटांची आहे. उरलेले दोन फूट न्हाणीघरात धरावेत.)

२. तेल तापत असताना पंप बंद ठेवावा. पंप बंद ठेवल्यास मासे गुदमरतात, सबब तो चालू ठेवावा. दोन्ही एकाच वेळी करावं.

३. तेलाचा, अत्तराचा वा साबणाचा हात टाकीत घालू नये. हात निष्पाप असावा.

४. तवंग दिसल्यास कोरडा कागद पाण्यावर अलगद टेकवून टिपून घ्यावा. कागद वाचत बसू नये.

काटेकोर अंमलबजावणीमुळे पहिल्या आठवड्यात केवळ एकच मासा गेला. (हे प्रमाण पंचवीस टक्के होतं, दादाला टक्केवारी कळवलेली नाही.)

मग दादाने टाकीला घट्ट झाकण केलं, पंपाला लांब नळी जोडली आणि तिचं तोंड खिडकीबाहेर काढलं. उरलेले तीन मासे दोन दिवसांत तरतरीत झाले.

बाबा तीन महिने खोकतायत. ते खुर्ची ओढून खिडकीशी येऊन बसले.

"मलाही एक अशी नळी बसव."

"बाबा, तुम्ही काय मासा आहात?"

"मासा असतो तर एव्हाना दुकानदाराला तरी बोलावलं असतंस."

अर्ज विचाराधीन आहे.

परवा वाऱ्याने खिडकी आपटली आणि नळी चेपली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत एक मासा कुशीवर पडला होता. दादा ताट घेऊन टाकीसमोर बसला आणि एक घास न खाता उठला. तासाभराने मासा सरळ झाला; दादा झाला नाही. तेव्हा कुठे वहिनी हलली.

मेणबत्त्या आणि भांडी घराबाहेर काढायची, असं ठरलं. अर्थात दिलेली वस्तू फेकणं हा असंस्कृतपणा. म्हणून ज्यांच्याकडे टाकी नाही, त्यांना भेट द्यायची. हा धूर माशांना बाधतो, माणसांना बाधत नाही, हे प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे (बाबा अजून आहेत).

सोळा मेणबत्त्या गेल्या, भांडीही गेली. सतरावी चकचकीत कागदात बांधून तयार आहे. तुमच्याकडे मासे नाहीत, याची खात्री वहिनीने तुमच्या आईला फोन लावून करून घेतली आहे. रविवारी आम्ही सगळे येतोय. आम्ही आल्या आल्या ती पेटवा. आम्हाला बरं वाटेल.

आम्ही खिडकीजवळ बसू.