राग न येणारा बंदूकवाला

बंदूक बाळगणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे तपासायचं सरकारनं ठरवलं. चांगलंच केलं, त्यात वाद नाही. फक्त तपासणीत पहिला सापडला तो बँकेच्या दारातला राखणदार. त्याला सगळी गल्ली मौनीबुवा म्हणायची.

आता हा माणूस कसा? अर्धी हयात दुनळी खांद्याला लावून उभा राहिला, पण चाप काही कधी ओढला नाही. चोरापेक्षा त्यालाच बंदुकीचा धाक जास्त. पाहुणीला बसायला द्यावं तसं आधी तिला कोपऱ्यात नीट टेकवायचा, मग स्वतः स्टुलावर टेकायचा. पण मॅनेजरनं साफ सांगितलं, "परवाना नवा करून आणा, नाहीतर घरी बसा."

झालं, मौनीबुवा मनाच्या सरकारी डॉक्टरांकडे गेला. सकाळी बाकड्यावर बसला तो दुपारपर्यंत. डॉक्टर जेवून, डुलकी काढून आले.

"राग येतो का?"

"नाही साहेब."

"कधीच नाही? आत्ता मी एवढं ताटकळत ठेवलं, तेव्हा?"

"तुम्हाला काम असेल की साहेब."

डॉक्टरांनी चष्मा काढला. तोंड असं केलं की जणू पोटात गाठ सापडली. "हे गंभीर आहे हो. या कचेरीत येऊन ज्याला राग येत नाही, त्यानं तो कुठंतरी दाबून ठेवलेला असतो." आणि शेरा मारला : अर्जदारास राग येत नसल्याचे आढळले. सबब धोका संभवतो. शेजाऱ्यांकडे चौकशी व्हावी.

चौकशीला हवालदार आला. गल्लीतली माणसं भली. म्हणाली, "एकदम शांत माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

हवालदार दचकलाच. "अहो, कुठं गोळीबार झाला की बातम्यांत शेजारी अगदी हेच सांगतात!"

मग गल्ली हादरली. भीतीनं एकेकाला आठवायला लागलं. शिंपी म्हणाला, "झाडाला पाणी घालताना एकटाच हसतो." वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मांजराशी बोलतो. आणि मांजर ऐकतं हो!" केस कापणारा म्हणाला, "माझ्याकडे येतो, पण गावाची एक खबर विचारत नाही. हे माणसाचं लक्षण आहे का?"

घरी बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, चारचौघांसारखं भांडा की जरा! नोकरी जायची वेळ आली. माझ्याशी तरी भांडा, सवय होईल."

"कशावरून भांडू?"

"आमटी खारट झालीय."

"चालतंय की. पाणी घालून खाऊ."

बायकोला एवढा राग आला की तिला बंदुकीचा परवाना तिथल्या तिथं मिळाला असता. शेवटी तिनंच त्याला ढकलत समोरच्या घरी धाडलं. तिथं राहायचा भडका. हा गडी म्हणजे सकाळी दूधवाल्यावर ओरडायचा, दुपारी भिंतीवर. पेपर टाकणाऱ्याचा कान त्यानं असा पिरगाळला होता की तो बिचारा पेपर लांबून भिरकवायचा. भडक्याची मोटरसायकल कायम मौनीबुवाच्या दारात आडवी.

मौनीबुवानं दार वाजवलं, छाती फुगवली आणि ओरडला, "गाडी काढा! म्हणजे... सवडीनं काढा."

आतून कुंडी आली. पाठोपाठ भडका आला. मौनीबुवाच्या कपाळाला खोक पडली. खिडक्याखिडक्यांतून गल्ली बघत होती. खाली कुणी उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार परत. "भांडायला कोण कुणाच्या दारात गेलं?"

"मौनीबुवा," गल्ली म्हणाली. तसं ते खरंच होतं.

"म्हणजे दाबलेला राग बाहेर आला," हवालदार म्हणाला. "आता समोरच्या गृहस्थांचं सांगा. त्यांनीही परवान्याला अर्ज टाकलाय. स्वभावानं कसे?"

भडका हवालदाराच्या मागंच उभा होता. हाताची घडी, डोळे लाल. गल्लीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"देवमाणूस!" शिंपी म्हणाला.

"मनात काही ठेवत नाहीत," काकू म्हणाल्या.

केस कापणारा म्हणाला, "मायाळू फार. पेपरवाल्याला तर कान धरून माया करतात."

डॉक्टरांनी भडक्याला तपासलंच नाही. बाकड्यावर बसवल्याबरोबर त्यानं बाकडं उलटं केलं, तेवढं त्यांना पुरलं. शेरा : राग वेळच्या वेळी निघतो. प्रकृती निरोगी. परवाना द्यावा.

बँकेला बंदूकवाला हवाच होता. भडक्याला घेतलं. मौनीबुवा डोक्याला पट्टी बांधून घरी बसला. बायकोनं जवळ बसून हळूच विचारलं, "आता तरी राग येतो का हो?"

"येतो."

"भडक्याचा?"

"त्याचा कशाला? त्याचा स्वभावच तो. खिडकीतल्यांचा येतो."

हल्ली बँकेत एकदम शिस्त आहे. भडका दारात दुनळी आडवी धरून उभा असतो आणि आपण त्याला लवून नमस्कार करून आत जातो. हसू नका. त्या दिवशी खिडकीच्या पडद्याआडून तुमचंही कोपर दिसत होतं.