मावशीचा हितसंबंध

शनिवार पेठेतल्या एका पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या ललिताचा पाय ओल्या फरशीवरून घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलात दोन महिने मुक्काम ठरला. नवरा चार वर्षांपूर्वीच गेलेला, घरात नऊ वर्षांची वैष्णवी. आता मुलीचं काय, हा प्रश्न त्याच दिवशी संध्याकाळी सुटलासुद्धा. ललिताची थोरली बहीण मैना लोणी काळभोरहून आली, भाचीचे चार कपडे आणि दप्तर पिशवीत कोंबलं आणि तिला बसने घरी घेऊन गेली. प्रश्न असा परस्पर सुटणं योग्य नव्हतं.

शाळेत गैरहजेरी लागली. बाईंनी कर्तव्यबुद्धीने वर कळवलं आणि प्रकरण 'कुटुंब सहभाग कक्षा'कडे आलं. हा सरकारी कक्ष नवीन होता. अडचणीतल्या मुलाला परक्या घरी सांभाळायला देण्याची वेळ येऊ नये, म्हणून आधी त्याच्या नातेवाइकांना निर्णयात सामील करून घ्यायचं, हा त्याचा उद्देश. उद्देश चांगला होता, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. भिंतीवर तसं लिहिलेलंही होतं.

कक्षाचे अधिकारी दत्तप्रसाद हे अत्यंत सौम्य गृहस्थ. त्यांनी मैनाला मुलीसह बोलावून घेतलं आणि चहा मागवला.

"ताई, मुलगी कुटुंबातच राहावी, हे आमचं धोरण आहे."

"कुटुंबातच हाय की ती. माझ्याकडं."

"तेच आपल्याला ठरवायचंय. बैठकीत."

"मग ठरंपर्यंत ऱ्हाऊ द्या."

दत्तप्रसादांनी चष्मा पुसला. "आत्ताच तुमच्याकडे राहिली, तर कुटुंबाने निर्णय घेण्याआधीच निर्णय झाल्यासारखं होईल. बाकीच्या नातेवाइकांवर त्याचा दबाव येतो. बैठकीपर्यंत तिला तटस्थ ठिकाणी ठेवू."

तटस्थ ठिकाण म्हणजे मुलींची संस्था. मुलीवर घराबाहेर राहण्याची वेळ येऊ नये, यासाठी तिला त्याच दुपारी घराबाहेर पाठवण्यात आलं. वैष्णवी रडली नाही. दप्तर बरोबर न्यायचं का, एवढंच तिने विचारलं. मैना मात्र मंडईच्या बसस्टॉपवर बसून रडली, आणि त्या नादात तिच्या दोन बस गेल्या.

बैठक तीन आठवड्यांनी भरली. मैना आणि तिचा नवरा साईनाथ, दोघं रोपवाटिकेतलं काम बुडवून आले. गणपूर्ती सातांची होती. दत्तप्रसादांनी दोघांचे आभार मानले आणि बैठक तहकूब केली. "अजून पाच नातेवाईक आणा. कुटुंब मोठं असलं की निर्णयाला वजन येतं."

ललिताच्या सासरच्यांनी चार वर्षांत तिला एक फोन केला नव्हता. मैना त्यांच्या दारोदार फिरली. त्यातले मुख्य म्हणजे चुलत सासरे हिंमतराव. त्यांचं गाव पुण्यात आलं, शेतात इमारती आल्या आणि इमारतींवर हिंमतरावांचं नाव आलं. "मुलीचं नाव काय म्हणालात?" असं विचारून त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं आणि यायचं कबूल केलं. आपल्याबरोबर चारजणांना घेऊनही आले.

दुसऱ्या बैठकीत हिंमतराव एकत्र कुटुंबपद्धतीवर पंचवीस मिनिटं बोलले. हल्ली माणसं माणसांना धरून राहत नाहीत, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मग दत्तप्रसादांनी विचारलं, "मुलगी न्यायला कोण तयार आहे?" हिंमतरावांनी घड्याळ पाहिलं. मैनाने हात वर केला.

"आपली इच्छा नोंदवली," दत्तप्रसाद म्हणाले. "पण ताई, आपण मुलगी नेऊ इच्छिता, म्हणजे यात आपला हितसंबंध आला. मतदान होईपर्यंत आपण दोघं बाहेर बसा."

"आन् ज्यांना न्यायची न्हाई, ते?"

"ते निःपक्षपाती आहेत."

पाच निःपक्षपाती नातेवाइकांनी एकमताने ठराव केला की मुलगी कुटुंबातच राहावी. कुणाच्या घरी, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. तो पुढच्या महिन्यात घ्यायचं ठरलं.

पुढच्या महिन्यात वॉकर टेकत ललिता स्वतःच आली. दत्तप्रसादांनी उठून तिला खुर्ची दिली.

"साहेब, मी आई आहे. मुलीला न्यायला आलेय."

"आपण तर कुटुंबाचा कणाच. पण एकट्या आईने ठरवायचं, तर कुटुंबाचा सहभाग कुठे राहिला? त्या पाचांची लेखी संमती आणा, लगेच सोडतो."

या माणसाला आपलं वाईट करायचं नाही, हे ललिताला दिसत होतं, आणि त्यामुळे भांडायचं कुणाशी, हेच तिला कळेना. ती उठली आणि हिंमतरावांकडे गेली.

"सही करतो," हिंमतराव म्हणाले. "पण उद्या काही झालं तर आमच्याकडे यायचं नाही, हे वर लिही."

"अण्णा, एरवी तरी मी कधी आले?"

"तरी लिही."

तिने लिहिलं. बाकीच्या चौघांनी तो कागद पाहून तसाच आपापला मागितला. मुलीशी आपला काही संबंध राहणार नाही, असे पाच नातेवाइकांचे पाच कागद जमले आणि कुटुंबाचा सहभाग पूर्ण झाला.

चार महिन्यांनी वैष्णवी मावशीच्या घरी आली; ललिताही तिथेच राहत होती. मैनाने ताट वाढलं, तर ही भिंतीला पाठ लावून उभीच. मग हळूच म्हणाली, "पाणी पिऊ का?"

"अगं, विचारतेस काय? आपलंच घर आहे," ललिता म्हणाली.

"किती दिवस?"

ललिताने तांब्या पुढे केला.

पुढे मायलेकी पेठेतल्या खोलीवर परतल्या. वर्षअखेरीस कक्षाने एका सभागृहात नागरिकांसाठी कार्यक्रम घेतला. परक्या घरी जाण्यापासून वाचवलेल्या मुलांच्या यादीत वैष्णवीचं नाव पहिलं होतं. हिंमतरावांचा शाल देऊन सत्कार झाला. ललिताला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"मंगळवारी आणि शुक्रवारी मला पायाच्या व्यायामाला जावं लागतं," ती म्हणाली. "हिची शाळा सकाळची. दुपारी दोन तास हिला कुणाच्या घरात बसू द्याल का? अभ्यास करील, त्रास देणार नाही."

टाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या, कारण ती आभारच मानणार हे सगळ्यांनी धरलं होतं. त्या बराच वेळ चालल्या. मागच्या रांगेतल्या काहींना तर भरून आलं.

तिची विनंती इतिवृत्तात पत्त्यासह नोंदवली आहे. वाचकहो, ती खोली आपल्या घरापासून चार इमारती पलीकडे आहे. कार्यक्रमाला आपण होता, टाळ्याही चांगल्या वाजवल्यात. मात्र मंगळवारी दुपारी आपल्याला नेमकं काम असणार, हे गृहीत धरून आपलं नाव मुलीला बसू देणाऱ्यांच्या यादीत घेतलेलं नाही. शुक्रवारचंही विचारलेलं नाही.